अकरावं पत्र

राजधानी,
३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
बारकीचा सा. न. वि. वि.

पंधरा दिवस पत्र नाही म्हणून तू रागावली असशील. रागाव, पण आधी बातमी ऐक. मला बाईंच्या कार्यालयात टपालाच्या टेबलावर घेतलं. हो, त्याच बाई. देशाच्या पहिल्या बाई पंतप्रधान, आणि मी त्यांच्या दारापासून सतरा पावलांवर बसते. मोजली आहेत.

काम असं. देशभरातून रोज पोती भरून पत्रं येतात. आम्ही चौघी ती फोडतो, वाचतो, ज्या त्या खात्याकडे लावून देतो. पण त्यातली दहा पत्रं वेगळी काढून सकाळी आठला बाईंच्या समोर ठेवायची, अधिकाऱ्यांच्या फायली उघडायच्या आधी. हा बाईंचा नियम. साहेबलोक मला काय वाटावं ते लिहितात आणि ही माणसं काय घडलं ते लिहितात, असं त्या म्हणतात. दहा म्हणजे दहाच. आमच्या हेडक्लार्कबाई (पाठीमागे आम्ही त्यांना मुंगूस म्हणतो) दोनदा मोजतात.

बाई फोटोत दिसतात त्यापेक्षा ठेंगण्या आहेत. उजवा जबडा किंचित ओढलेला आहे, त्यामुळे हळू बोलतात आणि समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला कुठली म्हणून विचारलं. बंदरावरची, आत्या गोदामात गोण्या शिवते, असं म्हटल्यावर त्यांनी मान वर केली आणि विचारलं, ती अजून सुई ओवताना शिव्या देते का. आत्या, मी पाया पडते. तू बाईंबरोबर तुरुंगात होतीस हे तू सांगायचीस तेव्हा मी आणि दादा कोपऱ्यात तोंड दाबून हसायचो.

दादाला सांग, सरकारी फायलींची धूळ खायला पदवी घेतलीस का हा त्याचा टोमणा पोहोचला. घरातली पहिली पदवी आहे, तिने काय खायचं ते ती बघून घेईल. संप कसा चाललाय ते सविस्तर कळव. माझ्या वाट्याची काळजी थोडी संपावर पाठव, कारण मी इथे अगदी सुखात आहे.

तुझी लाडकी (दादा काहीही म्हणो),
बारकी


बंदर,
९ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी गोदामात सगळ्या बायकांना वाचून दाखवलं. आता तुझ्या सतरा पावलांवरून मला रोज चिडवतात. कुणी पाणी प्यायला उठली तरी मोजते.

तेव्हा हसायचात, आता पाया पडतेस, तर ऐक सगळं. ती आणि मी एकाच रांगेत गोण्या शिवायचो. मी अठराची, ती वीसची. गोदामाला आग लागली तेव्हा बाहेरून कडी होती आणि आत नऊ जणी जळाल्या. तिने त्या नऊ जणी ताडपत्रीवर ठेवून मालकाच्या दारात नेल्या. त्यातून संप पेटला आणि ती पुढारी झाली. दोघींना धरून नेलं. संप कुणी कुणी ठरवला त्यांची नावं हवी होती. जेलर किल्ल्यांचा जुडगा मुठीत धरायचा आणि तिच्या तोंडावर मारायचा. तिसऱ्या दिवशी जबडा तुटला. मी फडकं भिजवून तिच्या ओठात पिळायची. नऊ दिवस झाले, तिने एक नाव सांगितलं नाही. दहाव्या दिवशी जेलरच कंटाळला. पुढे तिने मला त्याच कोठडीच्या भिंतीवर कोळशाने अक्षरं शिकवली, म्हणून आज तुला हे पत्र येतंय. पुढे ती नगरपालिकेत गेली, मंत्री झाली, आणि आता सगळ्यांच्या डोक्यावर. मी गोण्यांतच राहिले. वाईट वाटत नाही. कुणीतरी शिवायला हवं.

पण एक सांगते. खुर्चीत बसलं की माणसाचे कान लांब होतात आणि डोळे आखूड. तिच्यावर माया कर, पण झोपताना एक डोळा उघडा ठेव.

संपाचा आज एकोणिसावा दिवस. क्रेनची गंजलेली साखळी तुटून तिघं चिरडले, हे तुला माहीत आहे. साखळ्या बदला एवढंच मागणं आहे. परवा मोठ्या फाटकावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या, दोरखंडवाल्याच्या म्हाताऱ्या बापाची कवटी फुटली. तुझा दादा समितीचा म्होरक्या झालाय. मिशी वाढवलीय. मांजराला शेपूट दोन्हीकडून फुटल्यासारखं दिसतं.

खात जा, आणि आत्याला विसरायचं नाही एवढं लक्षात असू दे.

तुझी,
आत्या


बंदर,
२० फेब्रुवारी

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

तू हल्ली मोठी माणूस झालीस म्हणून मीच आधी लिहितो. वर्तमानपत्रात काहीही छापून येतंय, तू घाबरून जाशील, म्हणून खरं काय ते तुला कळावं.

गुरुवारी मोर्चा आहे. मोठ्या फाटकावर सगळी फौज उभी आहे, तिकडे आम्ही जाणारच नाही. कोळशाच्या धक्क्यामागे जी अरुंद गल्ली आहे ना, जिथे तू लहानपणी काळी होऊन यायचीस, तिथून सकाळी दहाला आत शिरायचं आणि क्रेनखाली बसून राहायचं. हातात काठीसुद्धा नाही. पुढे बायका आणि मुलं, मागे आम्ही. ही कल्पना आत्याची. ती म्हणते, बाई काहीही करेल पण बायकामुलांवर बंदूक उचलू देणार नाही.

हे फक्त समितीच्या सात जणांना आणि आत्याला माहीत आहे. बाकीच्यांना गुरुवारी सकाळी सांगणार. आपली जुनी पद्धत तुला ठाऊक आहे: बोजा उचलायचा लोखंडी आकडा मधे ठेवून सातही जणांनी उजवा हात त्यावर ठेवला आणि कुणाला सांगणार नाही म्हणून शपथ घेतली. तुला सांगतोय म्हणजे शपथ मोडतोय. पण तू काय कुणी परकी आहेस? तू म्हणजे मीच. तरी पत्र वाचलंस की फाडून टाक.

मिशीबद्दल आत्याने काय लिहिलंय ते मला माहीत आहे. तिच्यावर विश्वास ठेवू नकोस. जपून राहा, आणि दादावरचा जीव आहे तसाच असू दे.

तुझा,
दादा


राजधानी,
२३ फेब्रुवारी

ती. दादास,
बारकीचा सा. न. वि. वि.

पत्र आजच सकाळी मिळालं. मी ते तीनदा वाचलं आणि प्रत्येक वेळी मला तुझा आणखी अभिमान वाटला. हातात काठीसुद्धा नाही, या तुझ्या वाक्यावर मी बराच वेळ थांबले. इथे गृहखात्याच्या फायली येतात, त्यात तुम्हाला दंगेखोर, आगलावे असं काय काय लिहिलेलं असतं. मुंगूसबाई ते मोठ्याने वाचतात तेव्हा माझ्या अंगाची लाही लाही होते.

आता काळजी करू नकोस. मी आज एक चांगलं काम केलंय. काय ते गुरुवार झाला की सांगेन, आणि तू मला खांद्यावर घेऊन धक्काभर मिरवशील. (आता मी जड झालेय, तेव्हा आधीपासून सराव कर.) एवढंच समज की तुम्ही कसे आहात हे जिथे कळायला हवं होतं तिथे कळलं आहे.

आत्याला म्हणावं, पुढच्या रांगेत चालताना सावकाश चाल. दोघांवरही माझी माया आहे, ती पत्रात मावत नाही.

तुझी,
बारकी


बंदर,
२७ फेब्रुवारी

चि. बारकीस,
आशीर्वाद.

दादा जिवंत आहे. मी जिवंत आहे. हे आधी वाच, मग पुढे.

काल दहाला आम्ही गल्लीत शिरलो. दोन्ही बाजूंना उंच भिंती, एका वेळी चार बायका चालतील एवढीच जागा. मी पहिल्या रांगेत होते. वळण घेतलं तर समोर गल्लीच्या तोंडाशी पोलीस. नुकते आलेले नव्हते, बारके. वाळूच्या गोण्या रचून, त्यांवर बंदुका टेकवून वाट बघत होते. गोण्या आमच्याच गोदामातल्या. टाके मी ओळखले.

कुणी थांबा म्हटलं नाही, कुणी शिटी वाजवली नाही. क्रेनवाल्याची बायको माझ्या डाव्या हाताला होती, कडेवर तिची पोर. गोळी तिच्या गळ्यातून गेली. ती सावकाश खाली बसली, दमल्यावर बसतात तशी, आणि पोर कडेवरच. मी पोर ओढून घेतली तर तिची मूठ आईच्या केसांत अडकलेली. मला ते केस तोडावे लागले. मागच्यांना पुढे काय चाललंय ते दिसत नव्हतं, ते पुढे रेटत होते. पुढच्यांना मागे जाता येईना. जे पडले त्यांच्यावर बाकीचे पडले. गोळ्या लागून मेले त्यापेक्षा पायांखाली आणि भिंतीवर चेंगरून जास्त मेले. दोरखंडवाल्याची मुलगी भिंत चढायला गेली, नखं विटांत राहिली. कोळशाच्या धुळीत रक्त लाल दिसत नाही. नुसतं ओलं दिसतं.

एकोणीस. त्यात अकरा बायका, चार मुलं. मी शिवलेल्या ताडपत्र्याच काढून घातल्या त्यांच्यावर. रेडिओवर पाच म्हणाले.

दादा मागून अंगावरून तुडवत पुढे आला, मला शोधायला. डाव्या कानाचा वरचा भाग गोळीने नेला. उद्या चष्मा लागला तर एका कानावरच टेकवावा लागेल, असं मी त्याला म्हटलं. तो हसला नाही.

ते वाट बघत होते, बारके. गल्ली आठ जणांना माहीत होती. तू तिथे आत आहेस, काही कानावर आलं तर कळव.

पोर माझ्याजवळच आहे. जास्त लिहवत नाही. सुखरूप राहा, एवढंच मागते.

आत्या


बंदर,
३ मार्च

बारके,

सांगणारा सापडला. आमच्या सातांतला टाइमकीपर. बंदरावर आत-बाहेर जाणाऱ्यांची वेळ लिहितो तो, चष्मेवाला. सहा जण आम्ही हमाल आणि सातवा तो पांढरपेशा, शुद्ध बोलणारा. मला आधीच कळायला हवं होतं. आदल्या दिवशी, बुधवारी तो पोलीस चौकीत जाताना दोघांनी पाहिलाय. म्हणतो, रात्रीच्या संचारबंदीत बायकोचं औषध आणायला पास मागायला गेलो होतो. पास दाखवतोही. पास काय, बक्षीस म्हणूनही मिळतो.

त्याला दोरखंडाच्या गोदामात ठेवलंय. पहिला मी मारला. चष्म्यावरच मारला. मग क्रेनवाल्याने हातोडीने त्याची बोटं एकेक करून फोडली, आणि प्रत्येक बोटाला एकेका मेलेल्याचं नाव घेतलं. दहा बोटं आणि नावं एकोणीस, म्हणून तो रडायला लागला. क्रेनवाला, टाइमकीपर नव्हे. तो फक्त माझा चष्मा द्या म्हणत होता. आत्याने दारावर डोकं आपटून घेतलं, पण आम्ही तिला आत येऊ दिलं नाही.

शनिवारी दुपारी सगळे जमून ठरवणार. काय ठरणार ते ठरलेलंच आहे. दगड बांधून धक्क्यावरून सोडायचा. पहिला हात मी वर करायचा आहे, म्होरक्या म्हणून. मला झोप येत नाही. तुला लिहिलं की बरं वाटतं.

दादा


राजधानी,
५ मार्च

ती. दादास,

थांबा. त्याला सोडा. सांगणारी मी आहे.

पत्र आत्ता मिळालं. तार करावी तर ती आधी पोलिसांच्या हातात पडेल. बंदराकडच्या गाड्या बंद आहेत, फक्त टपालाची सोडतात, म्हणून मी येऊ शकत नाही आणि हे पत्र येऊ शकतं. शनिवारी दुपारच्या आधी पोहोचू दे, एवढं एकच मागणं मी आयुष्यात उरवलं आहे.

सोमवारी तुझं पत्र मी फाडलं नाही. सकाळच्या दहा पत्रांखाली अकरावं म्हणून ते ठेवलं. मुंगूसबाईंनी मोजून झाल्यावर, मुद्दाम. मला वाटलं, गृहखातं तुम्हाला आगलावे म्हणतं, तर बाईंनी तुमच्याच अक्षरात वाचावं की पुढे बायकामुलं आहेत, हातात काठी नाही. म्हणजे त्या फौज काढून घेतील. कुणी माझ्याकडून काढून घेतलं नाही, कुणी फसवलं नाही. मी आनंदाने दिलं. तेच ते माझं चांगलं काम.

आत्याचं पत्र आलं त्या दिवशी मी ती सतरा पावलं न विचारता चालून गेले. बाई एकट्या होत्या. मी माझ्या भावाचं पत्र परत मागितलं. त्या म्हणाल्या की ते आता हुकमाला टाचलेलं आहे, सुटणार नाही. धक्क्यापलीकडे तेलाच्या टाक्या आहेत, एक ठिणगी पडली तर अर्धं शहर जाईल, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. म्हणून गल्लीत थांबवा एवढं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. कसं थांबवायचं ते लिहिलं नाही. ते चुकून राहिलं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या की नाही, मुद्दाम लिहिलं नाही, लिहिलं असतं तर मला ते वाचावं लागलं असतं.

मी त्यांना आत्याने सांगितलेल्या तुरुंगातल्या नऊ दिवसांची आठवण करून दिली. त्यांचा हात जबड्याकडे गेला. त्या म्हणाल्या, तेव्हा माझ्याकडे सांभाळायला फक्त नावं होती, आता देश आहे. मग त्यांनी मला बसायला सांगितलं आणि पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. दादा, मला त्यांची दया आली. याची मला सगळ्यांत जास्त लाज वाटते.

मी टेबलाची किल्ली ठेवून आले आहे. चौकशी आयोग नेमला जातोय. हुकूम कोणत्या फायलीत आहे आणि त्याला काय टाचलं आहे, ते मी आयोगाला लेखी कळवलं आहे, खाली सही करून. म्हणजे तुझं नावही बाहेर येणार.

मला कोणताही मायना लिहायचा अधिकार उरलेला नाही. हे पत्र सगळ्यांसमोर वाच. वाचायचं नसेल तर त्या माणसाला गुपचूप सोडून दे. पण सोड.

बारकी


बंदर,
११ मार्च

चि. बारकीस,

सांगणारा दादा, लिहिणारी आत्या. तो सांगतो तसंच लिहिते.

तुझं पत्र शनिवारी साडेअकराला आलं. मी ते वाचलं आणि खिशात ठेवलं. दीड तास ते खिशात होतं. हे तुला कळायला हवं. दीड तास मी त्या गोदामात उभा होतो आणि विचार करत होतो की कुणाला कळणार नाही. एक माणूस जाईल, तो तसाही अर्धा गेलाय, आणि माझी बहीण राहील. तू मला बोलावून घेतलं असतंस तर मी तुझ्यासाठी जीव दिला असता. इथे दुसऱ्याचा द्यायचा होता, तो जास्त सोपा वाटला. (हे लिहिताना मी थांबले होते. तो म्हणाला, लिही.)

एकला सगळे जमले. त्याच्या कमरेला दगड बांधत होते. त्याने वर बघून विचारलं, किती वाजले. चष्मा नव्हता म्हणून कुणाला विचारतोय ते त्याला दिसत नव्हतं, विचारलं मलाच. पास घेऊन आणलेलं ते औषध बायकोला एक वाजता द्यावं लागतं, कुणीतरी आठवण करा म्हणाला. मी पत्र काढलं आणि वाचलं. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, तुझ्या नावासकट.

क्रेनवाल्याने स्वतः दोर कापला. मग तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. बहिणीला मारता येणार नाही, ती लांब आहे आणि ती पोर आहे, असं तो म्हणाला, पण शपथ तू मोडलीस. आकड्यावर उजवा हात ठेवला होता. तोच हात त्यांनी त्याच आकड्यावर ठेवला आणि हातोडी उचलली. मी काढून घेतला नाही. म्हणून आत्या लिहितेय. डॉक्टर म्हणाले अंगठा राहील.

मी तुझ्यावर रागावलो आहे का, ते मला अजून कळलेलं नाही. कळलं की कळवेन.

(त्याचं इथे संपलं. तो भिंतीकडे तोंड करून पडलाय. आता माझं.)

बारके, मोर्च्यात पुढे बायकामुलं ही कल्पना माझी होती. ती बंदूक उचलू देणार नाही, हेही मीच म्हटलं होतं. तेव्हा एकटीच रडत बसू नकोस, वाटणी बरीच मोठी आहे. क्रेनवाल्याची पोर माझ्या मांडीवर आहे, ओळी वेड्यावाकड्या आल्या तर समजून घे.

दादा आणि टाइमकीपर एकाच खोलीत आहेत, खाटेला खाट. दोघांना मीच भरवते. एकमेकांशी बोलत नाहीत. आयोगाचा माणूस काल येऊन गेला. पहिली गोळी किती वाजता सुटली, त्याआधी इशारा दिला का, हे मिनिटामिनिटाने ठाऊक असलेला एकच माणूस आहे, कारण घड्याळ बघायची त्याला सवय आहे. पण लिहायला त्याची बोटं नाहीत, आणि सरकारी कारकुनाला सांगायला तो तयार नाही. काल संध्याकाळी त्याने मला विचारलं, तुमची भाची पदवीधर आहे ना, तिचं अक्षर कसं आहे. मी म्हटलं, चांगलं आहे. तो म्हणाला, मग तिला बोलावून घ्या. माझ्यासमोर बसून तिने लिहायचं, आणि पहिलं वाक्य मी सांगेन तेच लिहायचं: मी कुणाला काही सांगितलं नाही.

सोमवारपासून गाड्या सुरू होतायत. लोक थुंकतील, तयारीने ये. आशीर्वाद होता तेवढाच आहे, कमी झालेला नाही.

तुझी,
आत्या